रस्तो पांयांपाशीच सोंपता

माझ्या गॅरेजातली सगळ्यात किमती वस्तू कोणती असं कुणी विचारलं, तर मी मागची भिंत दाखवतो. विचारणारा आधी भिंतीकडे बघतो, मग माझ्याकडे. भिंतीवर काहीच नसतं. पांढरा चुना आणि त्यावर एक काळी आडवी रेघ. दर वर्षी पाऊस सरला की मी स्वतः चुना लावतो, रेघ नव्याने मारतो, आणि गवंडी वापरतात तसली पाण्याची नळी धरून समोरची जमीन सपाट आहे ना ते बघतो. त्या भिंतीला पाठ टेकायची नाही, सायकल लावायची नाही, तिच्यावर पानाची पिचकारी तर मारायचीच नाही. गाड्यांच्या मिस्त्रीला आमच्याकडे मेस्त म्हणतात. एकदा एका म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं होतं, "मेस्ता, हांगा देव आसलो काय?"

देव नव्हता. पण माझ्या धंद्यातला खरेखोटेपणा त्याच भिंतीवर ठरतो, म्हणून मी तिला जपतो.

डिचोलीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय त्याला आता चाळीसेक वर्षं होतील. सुरुवात खाणीच्या ट्रकांवर झाली. त्या काळी ट्रकचे दिवे म्हणजे दोन बल्ब आणि दोन स्क्रू. स्क्रू पिळला की दिवा वर-खाली. कुणालाही जमावं असं काम, आणि कुणालाही जमायचंही. आताच्या गाड्यांत दिव्यांना अक्कल आली आहे. ती कशी, ते इथे दोन शब्दांत सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

गाडीच्या मागच्या सीटवर तीन धष्टपुष्ट माणसं बसली, डिकीत बॅगा भरल्या, की गाडीचं बूड बसतं आणि नाक वर होतं. नाकाबरोबर दिवे वर. उजेड रस्त्यावर पडायचा सोडून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. नव्या गाड्या हे स्वतःच सावरतात. मागच्या चाकाजवळ, गाडीच्या पोटाला एक सेन्सर असतो. त्याला एक छोटा हलता कान आणि त्या कानापासून चाकाच्या आडव्या दांड्यापर्यंत एक बारीक कांडी. बूड खाली बसलं की कांडी कान वर ढकलते. सेन्सर निरोप धाडतो, दिव्यांमागच्या चिमुकल्या मोटरी फिरतात आणि दिवे मान खाली घालतात. झालं. यालाच कंपनीवाले लांबलचक इंग्रजी नाव देतात.

परीक्षा सोपी आहे. गाडी भिंतीसमोर लावायची, दिवे पेटवायचे, उजेडाची वरची कड रेघेवर आणायची. मग मागच्या सीटवर दोन माणसं बसवायची. कड टुणकन वर उसळते, क्षणभर थांबते, आणि हळूच परत रेघेवर येते. परत आली तर सगळं ठीक. ती परत येताना बघायला मला अजून आवडतं.

मांद्र्याचा एक गेस्टहाउसवाला होता. पंचायतीला उभं राहायचं त्याच्या डोक्यात होतं. गाडी दुसऱ्याच कामाला आणली होती, पण बोलता बोलता छाती फुगवून म्हणाला, "मेस्ता, आतां लोक माका वळखूंक लागले. समोरसून येता तो दिवे मारून नमस्कार करता."

मी गाडी भिंतीसमोर घेतली. मागे दोघांना बसवलं. कड वर उसळली ती वरच राहिली. कुठेतरी त्याने मागचे शॉकअप बदलून घेतले होते आणि बदलणाऱ्याने काढलेली कांडी परत लावलीच नव्हती. लोक नमस्कार करत नव्हते, डोळे दिपून शिव्या घालत होते. मी कांडी लावून दिली. आठ दिवसांनी त्याचा फोन, "मेस्ता, लोक वळख दिनात रे आतां." तो निवडून आला की नाही ते मी सांगणार नाही. अजून गाडी माझ्याकडेच आणतो.

ही झाली हसण्यावारी न्यायची गोष्ट. दुसरी सांगायची तर आधी माझी चूक कबूल करावी लागते, आणि आम्हा मेस्तांना तेवढं सोडून सगळं जमतं.

सदूबाब केरीचे. ऐन उमेदीत ते आमच्या डिचोलीत खनिजाचे ट्रक चालवायचे आणि त्यांच्या ट्रकाचे दिवे मी बघायचो. लाल धुळीच्या ढगात पुढच्या ट्रकाचा मागचा दिवा पेटलाय की विझलाय हे दुसऱ्यांना उतरून बघावं लागे, सदूबाब बसल्या जागेवरून सांगत. खाणी बंद पडल्या तेव्हा ते गावाला परतले आणि पर्यटकांची टॅक्सी घातली. घराजवळ चार गॅरेजं असताना हा माणूस कोलवाळचा पूल ओलांडून, अस्नोड्यावरून माझ्याकडे यायचा. का, तर जुना मेस्त. त्यांची आत्ताची गाडी नवी होती, त्या अकलेच्या दिव्यांची.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी ते आले. खुर्चीत बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मेस्ता, माका दिसना रे. दसरो जालो तेन्नाच्यान. रस्तो पांयांपाशीच सोंपता."

मी गाडी भिंतीसमोर घेतली. पुढचं दार ओढून अंधार केला, दिवे पेटवले. कड अगदी रेघेवर. स्कॅनर जोडला. हा स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला काही दुखतंय का ते विचारायचं यंत्र. त्यावर एकही दोष नाही. बाहेर दोन गाड्या खोळंबल्या होत्या आणि एक गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं. मागे माणसं बसवून बघायचं मी त्या दिवशी टाळलं. ज्या परीक्षेच्या गप्पा मी गावभर मारतो, तीच केली नाही. वर शहाणपणा म्हणून सांगितलं, "सदूबाब, दिवे एकदम बरे आसात. एक फावट दोळे तपासून घेयात."

सदूबाब उठले. टोपी घातली आणि गेले.

दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा विनू मोटरसायकलवरून माझ्या दारात थांबला. तो आमच्या इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, पाळी सुटल्यावर आला होता. शांत पोरगा, खाली बघून बोलणारा. म्हणाला, "मेस्ता, शिगमो सरतकच पप्पाची गाडी विकूंची आसा. कोण गिरायक आसल्यार सांगात."

"विकता? सदूबाब काय म्हणतात?"

"ते किदें म्हणतले? मेलेच आसते."

मग त्याने सगळं सांगितलं. मांद्र्याहून पाहुणे घेऊन येताना केरीच्या उतारावरल्या वळणावर सदूबाबना वळण दिसलंच नाही. पुढचं चाक गटारात गेलं. नशिबाने गाडी दगडाला टेकून थांबली, कुणाला खरचटलंही नाही. पण पाहुणे तिथेच उतरून चालत गेले आणि विनूने त्याच रात्री किल्ली काढून घेतली. त्या दिवसापासून सदूबाब सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसून होते. गाडीकडे पाठ करून.

मी विचारलं, "डोळे तपासले का?"

"तपासले. दोतोर म्हणटा वयाच्या मानान बरे आसात."

"मग?"

विनूने पहिल्यांदा वर बघितलं. "मेस्ता, तुमीच म्हणलां न्हय, दिवे बरे आसात, दोळे तपासात? मागीर आनी दोतोर किद्याक?"

चाळीस वर्षांत मी एवढं नाव कमावलं होतं की डोळ्यांच्या बाबतीत लोकांनी डोळ्यांच्या डॉक्टरपेक्षा माझा शब्द मोठा मानला होता. आणि तो शब्द मी कसा दिला होता? हॉर्न वाजतोय म्हणून, घाईत, अर्धी परीक्षा करून. आता त्या शब्दावर एका माणसाची गाडी जायची होती, आणि गाडीबरोबर त्याचं जगणंच. शिवाय ते वाक्य राहून राहून आठवायला लागलं. रस्तो पांयांपाशीच सोंपता. ज्याचे डोळे जातात तो म्हणतो, धूसर दिसतं, दोन-दोन दिसतं. रस्ता पायापाशी संपतो असं फक्त दिवे खाली झुकले तरच होतं. सदूबाब ड्रायव्हर होते. त्यांनी दोष अचूक सांगितला होता, मेस्तच बहिरा निघाला.

"आयतारी हांव केरी येतां," मी म्हटलं. "तोवर गाडी कोणाक दाखय नाका."

रविवारी मी स्कॅनर, पाण्याची नळी, खडू आणि हत्यारांची पेटी घेऊन निघालो. पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सदूबाब सोप्यावरच होते. मला बघून उठले, पण "येयात" एवढंच म्हणाले. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

घरापुढच्या खळ्यातली जमीन सारवून सपाट केलेली होती, नळी लावून बघितली तर माझ्या गॅरेजाच्या तोडीस तोड. समोर गोठ्याची चुन्याची भिंत. विनूकडून किल्ली घेऊन मी गाडी लावली, माप घेतलं, खडूने रेघ मारली आणि अंधारायची वाट बघत बसलो. तिनसांजेला दिवे पेटवले. विनू बाजूला हाताची घडी घालून उभा.

कड रेघेवर. सूतभरही इकडे-तिकडे नाही.

म्हणजे डोळेच गेले असतील तर? मी या माणसाला उगाच आशा लावायला एवढ्या लांब आलो का? विनूने नुसता एक उसासा टाकला. मी म्हटलं, "थांब. आतां मागल्यान दोगां बसया," आणि वळून बघतो तर सदूबाबनी दिवे बंद करून पाण्याचा पाइप ओढला होता आणि ते गाडी धुवायला लागले होते.

माझं डोकं फिरलं. "सदूबाब, हांव गाडी धुवपाक आयलां?"

"वेळ जाली न्हय," ते म्हणाले. जणू यापलीकडे सांगायचं काही नाही.

विनूने समजावलं. ट्रकाच्या दिवसांपासूनची सवय. तिनसांजेला गाडी धुवायची, अगरबत्ती फिरवायची, मगच बाहेर काढायची. तेव्हा खनिजाची धूळ असायची, आता खारं वारं आणि तेरेखोलच्या फेरीबोटीच्या धक्क्यावरचं पाणी. त्यामुळे वरून कमी आणि खालून जास्त. किल्ली काढून घेतली तरी धुणं सुटलं नव्हतं. सदूबाब वाकून मागच्या चाकांमागे, गाडीच्या पोटात पाइप धरून होते.

तेवढ्यात वहिनींनी, विनूच्या आईने, चहा आणि उंडे-पाव आणले. माणसं बसवायचं राहिलं. आम्ही सोप्यावर बसलो. चहा संपत आला तेव्हा सदूबाबनी अगरबत्ती फिरवली आणि सवयीने दिवे पेटवून बघितले.

मी भिंतीकडे बघितलं आणि कपबशी हातातच राहिली. कड रेघेखाली वीतभर उतरली होती.

"हात लावू नका!" मी असा ओरडलो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. कोरडी असताना बरोबर, धुतल्यावर खाली. माझ्याकडे हा माणूस भर दुपारी सुकी गाडी घेऊन आला होता, आणि गिऱ्हाईक आणायला मात्र रोज ओली गाडी घेऊन जात होता. डोळ्यांचा दोष असता तर पाण्याने भिंतीवरची कड हलली असती का?

टॉर्च घेऊन मी त्या ओल्या जमिनीवर पाठ टेकली आणि गाडीखाली सरकलो. सेन्सरच्या कानाला एक दोर बांधलेला होता. काथ्याचा, हाताने वळलेला सुंभ, त्यात गुंफलेला एक बिब्बा. कानापासून वर गाडीच्या पोटाच्या पट्टीपर्यंत तो घट्ट आवळलेला. त्या ओढीने बिचारी कांडी आपल्या वाटीतून निसटून लोंबत होती. आता सुंभाचा गुण आमच्याकडे कुणालाही विचारा. भिजला की फुगतो आणि आखडतो, सुकला की सैल पडतो. भिजलेला सुंभ कान वर ओढायचा, गाडीला वाटायचं मागे डोंगराएवढं ओझं बसलंय, आणि ती मुकाट्याने दिवे खाली घालायची. सेन्सर ठणठणीत होता, म्हणून यंत्राला दोष दिसत नव्हता. त्याने खोटं सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेवढंच सांगितलं होतं. गॅरेजात दोन माणसं मागे बसवली असती तर निसटलेली कांडी तेव्हाच कळली असती.

मी खालूनच ओरडलो, "हें कोणें बांदलां?"

मी सरकत बाहेर आलो. विनूचा चेहरा उतरला होता.

"हांवें," तो म्हणाला. "दसऱ्याक. दिश्ट लागूं नये म्हणून."

घाड्याने, म्हणजे गावच्या मांत्रिकाने, मंत्रून दिलेला दोर होता. नव्या गाडीला दृष्ट लागेल, बाप रात्री-अपरात्री लांबवर जातो, या काळजीने त्याने तो आणला होता. पण सदूबाबनी गाडीला काही टांगायला सक्त मनाई केली होती, पाहुणे हसतात म्हणून. तेव्हा हा पोरगा बाप जेवायला बसलेला बघून गाडीखाली शिरला आणि कुणाला दिसणार नाही असा, बांधायलाच केल्यासारखा तो बारीक कान त्याने शोधून काढला.

बापाला काही होऊ नये म्हणून बांधलेल्या दोराने बापाला गटारात घातलं होतं, आणि त्याच भीतीने त्याने बापाची किल्लीही काढून घेतली होती. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याने निदान मायेपोटी चूक केली होती, मी आळसापोटी. तसं मी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. "सदूबाब, चूक म्हजी. तुमी बरोबर सांगिल्लें, हांवेंच आयकूंक ना."

सदूबाब माझ्याकडे बघत होते, मग मुलाकडे. "म्हणटकच दोळे..." त्यांनी विचारलं.

"डॉक्टर बरोबर होता. मेस्त चुकला."

ते वाकले. पाइपाचं तोंड तोंडावर धरलं, खळाखळा तोंड धुतलं आणि टोपीने पुसलं. रडले असतील तर त्यात ते मिसळून गेलं.

सुंभ मी कापला नाही. गाठ सोडवली आणि दोर विनूच्या हातात दिला, कुणाची श्रद्धा कापायला मी बसलेलो नाही. कांडी वाटीत बसवून पकडीने दाबली, टक् आवाज आला. चारही चाकांची हवा बघितली, डिकी रिकामी केली, सगळ्यांना गाडीपासून दूर उभं केलं आणि स्कॅनरवरून गाडीला सांगितलं की ही तुझी बिनओझ्याची पातळी, इथून पुढे मोज. मग विनूला आणि वहिनींना मागे बसवलं. कड टुणकन वर उसळली, थांबली, आणि हळूच रेघेवर आली. मी सदूबाबना पाइप दिला. "धुवा आतां. कितलीय धुवा." त्यांनी गाडीच्या पोटात पाणी मारलं, आम्ही पाव तास वाट बघितली. कड हलली नाही.

विनूने गाडीतली किल्ली काढली आणि बापापुढे धरली. सदूबाबनी लगेच घेतली नाही. "तूं मागल्यान बस," ते म्हणाले. "मेस्त फुडें. ओजें जाय न्हय?" परीक्षा ओझ्यासकटच हवी होती त्यांना.

आम्ही केरीच्या उतारावर निघालो. दिवेलागण होऊन बराच वेळ झाला होता, झाडांखाली काळोख दाटला होता. रस्ता पुढे लांबवर पसरला होता, कडेचं गवतसुद्धा पानापानाने वेगळं दिसत होतं. वळण यायच्या बरंच आधी सदूबाबनी वेग कमी केला.

"तो फातर," ते म्हणाले. "गाडी ज्येर अडिल्ली, तो. दिसता मरे विनू तुका?"

विनू मागून पुढे वाकला. डोळे बारीक करून बघत राहिला. आणखी पन्नास पावलं गेल्यावर म्हणाला, "हां. आतां दिसता."

"माका केन्नाच दिसलो," सदूबाब म्हणाले आणि जे हसायला लागले ते वळण संपेपर्यंत. मीही हसलो. चाळीस वर्षांत इतका कुठल्या दुरुस्तीने फुगलो नव्हतो, आणि इतका शरमलोही नव्हतो.

आता माझ्या गॅरेजात कितीही हॉर्न वाजोत, मागे दोन माणसं बसवल्याशिवाय गाडी भिंतीसमोरून हलत नाही. माणसं नसली तर समोरच्या चहावाल्याला हाक मारतो. तोही वैतागतो, पण येतो.

यंदाच्या दसऱ्याला गाडी घेऊन बापलेक दोघे डिचोलीला आले. झेंडूची माळ होती, आणि विनूच्या हातात नवा सुंभ, बिब्ब्यासकट. खाली बघत म्हणाला, "मेस्ता, खंय बांदूं?"

मी गाडी जॅकवर उचलली आणि त्याला मागचा टोचन लावायचा लोखंडी हूक दाखवला. "हांगा. हत्ती बांदलो तरी कांय जावचें ना." त्याने तिथे बांधला, या खेपेला बापाच्या डोळ्यांदेखत. मग मी पाइप आणून तो दोर भिजवला, गाडी भिंतीसमोर घेतली, दोघांना मागच्या सीटवर बसवलं आणि दिवे पेटवले.

कड वर उसळली. थांबली. मागच्या सीटवरून सदूबाबनीच आधी ओरडून सांगितलं, "आयली रे, मेस्ता, रेघेर आयली!"